साध्या पाण्याचा गट

काचपट्टीवरची खूण तिने पुन्हा वाचली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, आणि डोळा काढून पुन्हा खूण वाचली. खूण बरोबर होती. उंदीर साध्या पाण्याच्या गटातला होता, म्हणजे ज्याला कुणी काहीही केलेलं नव्हतं असा. बाकीच्या उंदरांना सुई टोचून मुद्दाम दुखणं लावलेलं, त्यातल्या निम्म्यांना वर नवं औषध दिलेलं. ह्या गटाला मात्र खायचं, प्यायचं, भुशात लोळायचं आणि निरोगी स्वादुपिंड कसं असतं ते जगाला दाखवून मरायचं, एवढंच काम. तेवढंही ह्याला धड जमलं नव्हतं. काचेवर त्याच्या स्वादुपिंडाचा कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा पातळ काप पसरला होता आणि तो सुजलेला होता. पेशींचे नीट बांधलेले घोस एकमेकांपासून दूर सरकले होते, मधल्या फटींत पाणी शिरलं होतं, आणि त्या फटींतून रक्तातल्या पांढऱ्या पेशी आग लागल्यावर शेजारीपाजारी धावावेत तशा गोळा झाल्या होत्या. काही घोस तर केव्हाच मेलेले. असे काप बघण्यात तिचा जन्म गेला होता. संस्थेत तिला सगळे ‘बाई’ म्हणत आणि बाईंनी सूज म्हटली की सूज, नाही म्हटलं की नाही, असा तिचा शब्द होता. पण आज तिने शेजारची काचपट्टी उचलली, मग तिच्या शेजारची, आणि चौथी काचेखाली सरकवता सरकवता थांबली. हे थांबणं उंदरांसाठी नव्हतं, हे तिचं तिला लगेच कळलं.

आपल्या पोराचं, भुंग्याचं, स्वादुपिंड तिने अर्थात कधी काचेवर पाहिलं नव्हतं. जिवंत मुलाचं कोण बघतं? पण मनात पाहिलं होतं, असंच, ह्याच निळ्या-गुलाबी रंगात, ह्याच फटींसकट. भुंगा हे त्याचं पाळण्यातलं नाव. दूध पितानासुद्धा गुणगुणायचा म्हणून बापाने ठेवलेलं, आणि मिशा फुटल्या तरी तेच राहिलं. गेल्या वर्षी एका सुट्टीच्या दुपारी तिघं जेवत होते. भुंगा काहीतरी सांगता सांगता थांबला, हातातला घास त्याने ताटाच्या कडेला ठेवला, आणि घडीच्या खुर्चीसारखा कमरेत मिटला. इस्पितळात नेईपर्यंत त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तरण्या डॉक्टरने पोट दाबलं, रक्ताचा कागद बघितला आणि विचारलं, “दारू घेता का?” भुंगा म्हणाला, “नाही.” डॉक्टरने पुन्हा विचारलं, “अधूनमधून? मित्रांबरोबर?” भुंगा दात आवळून म्हणाला, “कधीच नाही.” तेव्हा डॉक्टरने मान वर करून तिच्याकडे बघितलं, आणि ती पुढे वाकून मुलाला म्हणाली, “खरं सांग रे. इथे लपवायचं नसतं.” इतक्या वेदनेत त्याने डोळे उघडले. त्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त आईला नीट बघून घेतलं, अनोळखी बाईला बघतात तसं, आणि तोंड भिंतीकडे केलं.

पण तिचं तरी काय चुकलं होतं? तिला त्या अवयवाची सगळी कुंडली पाठ. स्वादुपिंड पोटात मागे बसून अन्न विरघळवणारे जहाल रस बनवतं, आणि ते रस झोपलेले असेपर्यंतच घर सुरक्षित. आतड्यात पोचल्यावर त्यांनी जागं व्हायचं अशी बोली. काहीतरी बिघडलं आणि ते घरातच जागे झाले की मग कुंपणच शेत खायला लागतं. पण ते काहीतरी असतंच. पित्ताचे खडे, नाहीतर रक्तातली चरबी, नाहीतर दारू. भुंग्याला खडे नव्हते. चरबी नव्हती. औषधं कसली तो घेत नव्हता. घराण्यात कुणाला नव्हतं. एकेक दार बंद करत गेलं की शेवटी जे उघडं राहतं तेच खरं, ही तर तिच्या विद्येची बाराखडी. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं होतं, ‘कारण आढळले नाही’, आणि ते वाचून ती फणकारली होती, “आढळलं नाही म्हणजे काय? धड शोधलं नाही म्हणा.”

मग ती शोधायला लागली. भुंगा बरा होऊन घरी आला, पेज आणि उकडलेल्या भाज्या खाऊ लागला, आणि ती त्याचे शर्ट धुवायला टाकण्याआधी हुंगू लागली. पेला विसळण्याआधी नाकाशी न्यायची. तो बाहेरून आला की उगाचच त्याची कॉलर नीट करायची. एकदा तर त्याच्या खोकल्याच्या औषधाची बाटली उजेडात धरून बसली होती. नवरा सगळं बघत होता. निवृत्त भूगोलमास्तर, सगळं आयुष्य पोरांना नद्या-डोंगर शिकवण्यात गेलेलं. वर्गातल्या गोंगाटाने त्याचा एक कान गेला होता, विनोदबुद्धी मात्र शाबूत होती. तो म्हणायचा, “आपल्या घरात आता दोनच जातीचे प्राणी उरलेत. एक संशोधक आणि एक संशयित. मी कुठल्या पिंजऱ्यात बसू ते सांग.” ती चिडायची. “तुम्हाला थट्टा सुचते. उद्या पुन्हा झालं म्हणजे?” तो म्हणायचा, “अगं, तो नाही म्हणतोय ना? मग नाही.” “तुमचं काय, तुम्ही भोळे सांब. कुणी काही सांगावं आणि तुम्ही माना डोलवाव्यात.” ह्यावर तो आपला चांगला कान तिच्याकडे करून म्हणायचा, “कुणी नाही गं. पोरगा आहे तो आपला.” आणि एके दिवशी भुंगा राहिलेली किल्ली घ्यायला अर्ध्या वाटेतून परत आला, तर आई त्याच्या खोलीत जमिनीवर बसून त्याच्या पाण्याच्या बाटलीत नाक खुपसून होती. त्याने आवाज केला नाही. “काही मिळालं?” एवढंच विचारलं, अगदी शांतपणे, जणू तिची काहीतरी वस्तू हरवली होती. ती म्हणाली, “तुझ्या भल्यासाठीच करते ना?” पुढच्या आठवड्यात तो जुन्या पियानोंच्या दुरुस्तीच्या एका दुकानात कामाला लागला आणि दुकानाच्या माळ्यावर राहायला गेला. बाप त्याला भेटायला जाई. ती फोनवर विचारी, “जेवलास?” तो म्हणे, “हो.” “काय?” “जेवायचं तेच.” बोलणं तिथेच आटोपायचं.

आता ह्या काचपट्ट्या घेऊन ती विभागप्रमुखाच्या खोलीत गेली. प्रमुख तिच्याहून लहान, हुशार, पण घाईचा. औषध त्याचं होतं आणि त्याला ते लवकर मोठं झालेलं बघायचं होतं. तो म्हणाला, “बाई, खुणांची अदलाबदल झाली असेल.” झाली नव्हती, तिने ताडून पाहिलं होतं. “मग एखाददुसरं जनावर असतंच हो कमकुवत. तेवढी वगळू या.” ती उभीच होती, ती बसली. म्हणाली, “अहो, एखाददुसरं नाही, अर्धा गट आहे. आणि निरोगी जनावराचं स्वादुपिंड आपणहून सुजत नाही. आपल्याकडून त्याला काहीतरी गेलंय. ते सापडेपर्यंत मी एकाही उंदराला वगळू देणार नाही.” तिचा आवाज चढला होता. उंदरांची बाजू घेऊन आपण इतकं भांडू असं तिलाही वाटलं नव्हतं. दारातून बाहेर पडताना तिच्या मनात आलं, बाकीच्या गटांनाही हे झालं असणार. पण त्यांना आपणच आजारी पाडलेलं, त्यांच्या सुजेत ही सूज कुणाला दिसणार? जो धडधाकट असायला हवा त्याच्याच अंगावर डाग उठून दिसतो. हे वाक्य तिला आवडलं, आणि मग कसंसंच झालं.

तिने खाद्याचा नमुना तपासायला पाठवला. ठीक निघाला. भुसा बदलला. जंतूंची तपासणी केली, काही नाही. उंदीरघराची उष्णता, उजेड, शेजारच्या खोलीतल्या यंत्राचा आवाज, सगळं झालं. पाणी तर सगळ्यात आधी तपासलं होतं, मोठ्या पिंपातून काढून, निर्मळ. उंदीरघर सांभाळणारा माणूस तिच्या मागे मागे फिरून वैतागला होता. त्याला वाटे सगळं आपल्यावर येणार. ती त्याला म्हणाली, “तुम्ही घाबरू नका. चूक कुणाची ते मला नको, काय झालंय तेवढं हवं.” इतक्या मायेने ती घरात कधी बोलली होती? हा प्रश्न तेव्हा तिला पडला नाही. पडला तो चहाच्या वेळी. सगळे चहाच्या टेबलाभोवती उभे होते, प्रमुखही होता, आणि कुणीतरी विचारलं, “काय बाई, लागला का छडा तुमच्या आजाऱ्यांचा?” ती म्हणाली, “नाही बाबा. खडे नाहीत, जंतू नाहीत, खाण्यात काही नाही.” तेव्हा प्रमुख कपात बिस्कीट बुडवत म्हणाला, “मग राहिलं एकच. चोरून ढोसत असतील लेकाचे!” टेबलाभोवती हशा पिकला. तीही हसली, अगदी मोकळेपणाने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. उंदीर, चोरून, आणि वर विचारलं तर ‘नाही’ म्हणणारे! मग बाकीच्यांचं हसणं संपलं तरी तिच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. कप तसाच ठेवून ती व्हरांड्यात गेली.

व्हरांड्याला लांबच लांब खिडक्या होत्या आणि बाहेर दुपारचं ऊन सायकलींच्या रांगेवर पडलं होतं. खिडकीच्या थंड चौकटीला कपाळ टेकवून ती उभी राहिली. इतके आठवडे ती ह्या उंदरांसाठी झटत होती, पण उंदीर खोटं बोलतोय असं एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं. येणार कसं? त्याला विचारलंच नव्हतं. सूज दिसली आणि तिने ती खरी मानली. कारण सापडलं नाही तेव्हा तिने कारणाला दोष दिला, स्वतःच्या शोधाला दोष दिला, खाद्याला, भुशाला, हवेला दिला, फक्त उंदराला दिला नाही. आणि तिकडे ज्याला तोंड होतं, ज्याने त्या तोंडाने साफ सांगितलं होतं, त्याचं ते तोंड ती हुंगत बसली. भुंग्याला बोलता येतं हाच त्याचा गुन्हा झाला. तिला स्वतःची शरम वाटली. वाटली म्हणजे अशी की कानशिलं तापली आणि व्हरांड्यातून जाणाऱ्या झाडूवाल्याकडे बघवेना. लहानपणी भुंग्याने शेजारच्या कुंडीतलं फूल तोडलं होतं आणि रडत रडत आपणहून येऊन सांगितलं होतं. न विचारता सांगणारं पोर. ते सगळं ती कुठल्या कपाटात ठेवून विसरली होती कोण जाणे.

ती परत टेबलाकडे न जाता उंदीरघराच्या धुण्याच्या खोलीत गेली. का गेली ते सांगता येणार नाही. कुठेतरी पाण्याचा आवाज असावा एवढंच तिला हवं होतं. धुतलेल्या बाटल्या फळीवर उलट्या मांडलेल्या होत्या. प्रत्येकीच्या तोंडाला धातूची बारीक तोटी, जिला उंदीर जीभ लावून पाणी पितो. तिने चाळा म्हणून एक बाटली उचलली आणि तोटीवरून अंगठा फिरवला. खरखरीत लागली. जुन्या तोट्या पोलादाच्या असत, बोट सटकायचं त्यांवरून. ही नवी, जस्ताचा मुलामा दिलेली. मुलामा जागोजाग उडालेला, त्यावर पांढरी भुकटी. तोटी ती तोटी, असं म्हणून खरेदीवाल्यांनी स्वस्तातली उचलली असणार. आणि पाणी? पाणी आंबट. जंतू धरू नयेत म्हणून बाटल्या भरताना त्यात किंचित अ‍ॅसिड घालायची इथली पद्धत, आणि ती पद्धत तिनेच हट्टाने आणलेली. तपासलं होतं ते पिंपातलं पाणी. तोटीतून जिभेवर येतं ते कुणी तपासलंच नव्हतं. तिने भरलेली एक बाटली घेतली, उलटी केली, आणि एक थेंब स्वतःच्या जिभेवर घेतला. आंबट, आणि आंबटाच्या मागून जिभेला धरून ठेवणारी, तुरट, धातूची चव. तिने थुंकून चूळ भरली आणि तिथेच स्टुलावर बसली.

पुढचं सगळं रीतसर झालं. पिंपातलं पाणी स्वच्छ, बाटलीत रात्रभर राहिलेलं पाणी जस्ताने भरलेलं; पोलादी तोट्यांवर वाढवलेल्या नव्या उंदरांची स्वादुपिंडं काचेवर अशी नीटनेटकी दिसली की तिला त्यांना शाबासकी द्यावीशी वाटली. प्रमुखाला तिने समजावून सांगितलं. जस्त काही परकं नव्हे, स्वादुपिंडाला थोडं लागतंच, ते साठवूनही ठेवतं. पण तोटीत गप्प बसलेला धातू अ‍ॅसिडने सुटा होतो, आयन होऊन पाण्यात उतरतो. रंग नाही, वास नाही. घोटाघोटाने तो पेशींत साचत जातो, ज्या पेशी त्याला हौसेने घरात घेतात त्यांतच आधी, आणि एक दिवस त्यांना तो सोसेनासा होतो. मग पेशी फुटतात, झोपलेले रस सांडतात, जागे होतात, आणि सूज धावत येते. प्रमुख ऐकून घेऊन म्हणाला, “बाई, तुम्ही होतात म्हणून. मी तर वगळून मोकळा झालो असतो.” तिने मान हलवली. घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “म्हणजे उंदीर निर्दोष सुटले! आता जा आणि ज्याला सांगायचं त्याला सांग.” “काय सांगू?” “ते मी नाही सांगणार. मला नद्यांचं विचार.”

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती एकटीच निघाली. वाटेत तिने काय काय मनाशी जुळवलं! पियानोच्या तारा, पितळेच्या कड्या, घासायची पूड, डाग द्यायचं कथील, माळ्यावरचा जुना नळ. ह्यातलं काहीतरी असणारच. त्याला ते दाखवायचं, म्हणायचं, बघ, हे होतं रे, तुझी चूक नव्हतीच. ही भेट घेऊन जाताना तिला हलकं वाटत होतं. दुकानाचं दार उघडं होतं. भुंगा एका उघड्या पियानोच्या पोटात डोकं घालून बसला होता आणि गुणगुणत होता. तिची सावली पडली तसा गुणगुणायचा थांबला.

“बाबा बरे आहेत ना?” त्याने आधी तेच विचारलं.

“बरे आहेत. मी उंदरांचं सांगायला आले.”

त्याला हसू आलं, नको असताना आलं. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तो चांगला ऐकणारा. मधे दोनदा थांबवून त्याने नेमकं तेच विचारलं जे हुशार विद्यार्थी विचारतो. तिला वाटलं, जमलं. आणि त्याच ओघात ती पुढे गेली. “म्हणून म्हणते, हे पितळ घासतोस त्याची पूड कुठे जाते? तोंडाला फडकं बांधतोस का? तो नळ कसला आहे? आपण एकदा रक्तातलं जस्त आणि तांबं बघून घेऊ, माझ्या ओळखीचा एक—”

“आई.” त्याने हातातली तारा पिळायची किल्ली खाली ठेवली. “दुखणं आलं तेव्हा मी कुठे होतो? सुतारकाम शिकत होतो, फक्त लाकूड. पितळेला हात लावला तो इथे आल्यावर. आणि पाणी घरचंच पीत होतो. तू पितेस तेच.”

“मग लाकूड चिकटवायचा सरस असेल. नाहीतर रंग. काहीतरी—”

“तोट्या सापडल्या नसत्या तर?”

ती थांबली. प्रश्न तिला कळला नाही असं दाखवायला एक क्षण होता, तो तिने जाऊ दिला. समोर पियानोचं उघडं पोट, त्यातल्या ताणलेल्या तारा, आणि त्यांच्या पलीकडे तिचा मुलगा, गालांत थोडा बसलेला, बापाच्या कपाळाचा. ‘तरी आले असते’ हे शब्द तिच्या ओठांवर तयार होते. कुठलीही आई बोलली असती, आणि ऐकायला किती बरे वाटले असते. पण भुंगा वाट बघत होता, आणि त्याच्यासमोर आता खोटं बोलवेना.

“तर मी आले नसते,” ती म्हणाली. “मी अजून शोधत बसले असते.”

भुंग्याने तिच्याकडे बघितलं. “हं,” तो म्हणाला, “नसतीस आलीस.” त्याने उलट काही विचारलं नाही, खरंच का म्हटलं नाही, तिच्या चेहऱ्यावर काही शोधलं नाही. तिने सांगितलं आणि त्याने ते खरं मानलं, इतकं सोपं. ती पियानोच्या कडेला धरून रडायला लागली, आवाज करून, भर दुपारी, दुकानाचं दार सताड उघडं असताना.

“अगं, तारांवर पाडू नकोस, गंजतात त्या,” तो म्हणाला.

तिने पदराने डोळे पुसले. “तू पीत नाहीस,” ती म्हणाली. ह्या वेळी ते विचारणं नव्हतं.

“नाही.”

“मग का झालं ते मला माहीत नाही.”

“मलाही नाही,” भुंगा म्हणाला, आणि बाकावर सरकून त्याने तिला जागा करून दिली.